मारापासून मूल काय शिकते?

खेड्यापाड्यांतील पुष्कळ आईबापांची अशी समजूत आहे की, मार दिल्यावाचून मूल वळणावर येत नाही. ह्या समजुतीच्या मुळाशी दुष्टपणा नाही. आपल्या लेकराचे बरे व्हावे, हीच त्यांची इच्छा असते. परंतु हेतू चांगला असला म्हणजे साधनही चांगले असतेच असे नाही. ह्यास्तव मार खाणारे मूल खरोखर काय शिकते, ह्याचा आपण ह्या धड्यात शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट ही की, मारामुळे मूल भिण्यास शिकते, समजण्यास नव्हे. निरगुडीचा फोक दिसताच दंगा थांबतो, म्हणून औषध लागू पडले असे आपणांस वाटते. पण भ्यालेल्या मुलाचे सर्व लक्ष मारणाऱ्या हाताकडे असते. आपले काय चुकले, इकडे नसते. पाढा चुकला म्हणून मारले, तर पाढा येत नाही. पाढ्याचे भय मात्र येते. पुढे ते मूल चूक लपविण्यास व खोटे बोलण्यास शिकते, कारण खरे सांगितले की मार बसतो, एवढेच त्यास कळलेले असते.

दुसरी गोष्ट ही की, मूल कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकते. धाकट्यास मारले म्हणून जो बाप थोरल्यास मारितो, तो तोंडाने “मारू नये” म्हणतो आणि हाताने मारावे कसे ते दाखवितो. ज्याच्या अंगी बळ त्याचेच खरे, हा धडा ते मूल घेते.

ह्या केवळ आमच्या कल्पना नव्हेत. २०१६ साली अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी मागील सुमारे ५० वर्षांतील ७५ संशोधने एकत्र तपासून आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांत १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती होती, आणि विचार केला होता तो केवळ हाताने चापट मारण्याचा. चापटीने मुले अधिक आज्ञाधारक झाल्याचे दिसले नाही. उलट जेथे ती अधिक, तेथे मारकुटेपणा, दांडगाई व मनाची अस्वस्थता ही अधिक आढळली. कोणी म्हणेल, खोडकर मुलांसच मार अधिक बसतो, मग दोष माराचा कसा? २०२१ साली मुलांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून केलेल्या ६९ संशोधनांचे परीक्षण झाले. मारामुळे वर्तन सुधारत नाही, कालांतराने ते बिघडते, असेच त्यातून निघाले.

“नीतिसूत्रांत छडी सांगितली आहे ना?” असे काही बंधू विचारतात. मुलास मोकाट सोडू नये, हा त्या वचनांचा रोख आहे. आणि बापांनी मुलांस चिडीस आणू नये, असे पौलानेही इफिसकरांस बजाविले आहे. शिस्त हवीच, प्रश्न साधनाचा आहे.

आपल्या देशात २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेत मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. स्वीडन देशाने तर १९७९ साली घरातील मारही बंद केला. असे करणारा तो जगातील पहिला देश होय.

तर मग आईबापांनी काय करावे?

(१) नियम थोडे असावेत, आणि आज एक व उद्या दुसरा असे नसावे.
(२) चुकीचे परिणाम मुलाकडूनच निस्तरून घ्यावेत. पाणी सांडले तर त्यानेच पुसावे.
(३) राग अनावर झाला असता प्रथम अंगणात जावे. राग ओसरल्यावर मुलाशी बोलावे.
(४) मूल चांगले वागले की तेव्हाच शाबासकी द्यावी.

ह्या रीतीने फळ येण्यास वेळ लागतो, हे खरे. पण जे मूल समजून वागू लागते, ते आपण पाठ फिरविल्यावरही तसेच वागते.

विचारण्याचे प्रश्न
१. मारलेल्या मुलाचे लक्ष कोठे असते?
२. मूल खोटे बोलण्यास कसे शिकते?
३. आपल्या घरात ह्या आठवड्यापासून कोणती एक गोष्ट बदलता येईल?