तो डास नव्हे गं

अगं, त्या फोटोवरून एवढी घाबरू नकोस. न्हाणीघराच्या भिंतीवर तंगड्या पसरून बसलाय तो डास नाही, क्रेन फ्लाय आहे. पावसाळ्यात डेंग्यूच्या बातम्या वाचून भिंतीवरचं काहीही पाहिलं की धस्स होतं, ते मला कळतं. पण या बापड्याकडे टोचायला सोंडच नाही. असते ती जराशी पुढे आलेली चोच, आणि तीही रस नाहीतर पाणी चोखण्यापुरती. काही जाती तर प्रौढपणी खातच नाहीत म्हणे.

पुढच्या वेळी चप्पल उचलण्याआधी जवळ जाऊन बघ. पाठीवर इंग्रजी व्हीसारखी खाच दिसेल, ती याची खास ओळख. पंखांच्या मागे दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या. ते मागचे पंखच, आखडून तसे झालेले. उडताना तोल सांभाळायला लागतात. डासालाही असतात, पण या लंबूचे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. डासाच्या पंखांवर खवले असतात, याच्या पंखांवर नसतात. मादीचं पोट टोकाशी अणकुचीदार असतं. ती नांगी नव्हे हं! ओल्या मातीत अंडी रोवायची सोय आहे ती. नराचं टोक बोथट.

पायाला मात्र धरू नकोस. पाय तुझ्या चिमटीत राहील आणि स्वारी उडून जाईल. शत्रूच्या तावडीतून सुटायची ती त्याची रीत, पण गेलेला पाय पुन्हा येत नाही. तसंही प्रौढाचं आयुष्य थोड्याच दिवसांचं.

खरं आयुष्य जातं ते अळीपणी. ओली माती, कुजका पाला, शेवाळ, ओढ्याचा काठ, असं कुठेही. बहुतेक अळ्या कुजकं खातात, म्हणजे आपल्या कामाच्याच. काही जाती मात्र मुळं कुरतडतात. 1935 साली लंडनच्या लॉर्ड्सवरचं गवत या अळ्यांनी पार उखडलं होतं, खेळपट्टीची दैना झाली होती! आणि "हा डास खातो" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. प्रौढ क्रेन फ्लाय डासांची शिकार करत नाही.

चार्ल्स अलेक्झांडर नावाच्या अमेरिकन संशोधकाने एकट्याने याच्या 11,000 च्या वर जातींचं वर्णन केलं. एवढ्या लांब तंगड्यांपायी एवढं आयुष्य घालवणारा माणूस मला भारी आवडतो.

आता कर काय, तर त्याच्यावर ग्लास पालथा घाल, खालून पुठ्ठा सरकव आणि खिडकीबाहेर सोडून दे. आणि हो, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आजच ओत. खरे डास तिथे वाढतायत.