प्रत्येक खोडी त्याचीच नसते

वर्गात एखादा पोरगा एकदा खोडकर ठरला की काच फुटो नाहीतर खडू हरवो, नाव त्याचंच पुढं येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवताना हा अन्याय मीही केला आहे. एकदा तर कौलं माकडांनी फोडली होती आणि छड्या खाल्ल्या होत्या भलत्यानंच. निवृत्त होऊन विष्णुपुरीला मुलाकडं राहायला आले आणि माझ्याच शरीरात असा एक पोरगा ठरून गेला. त्याचं नाव सीओपीडी, फुफ्फुसाचं जुनाट दुखणं.

निदान २०२१ च्या डिसेंबरातलं. विडी-सिगारेट सोडाच, मी कधी मिश्रीही लावली नाही. पण सासरी चूल होती. शाळेच्या आधी भाकरी, शाळेनंतर भाकरी. सरपण तुराट्यांचं, पऱ्हाट्यांचं, पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या गोवऱ्यांचं. गॅस येईपर्यंत वीस-बावीस वर्षं फुंकणी तोंडाला होती. त्यामुळं तपासणीच्या खोलीत त्या मुलीनं नळी हातात देऊन "मावशी, छाती भरून घ्या आणि जोरात, संपेपर्यंत फुंका" म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं. आयुष्यभर हेच तर केलं होतं! छातीतून जेवढी हवा बाहेर पडते तिच्यातली सत्तर टक्के तरी पहिल्या सेकंदात यायला हवी. माझी औषध दिल्यावरही बावन्नच आली.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याच विषयावर लिहिलं होतं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे एक अब्ज, तर सरपण-गोवऱ्यांच्या धुरात वावरणारे सुमारे तीन अब्ज. हे वाचलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या खोकणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांच्यातल्या एकीनंही कधी नळीत फुंकलेलं नाही.

पहिलं दीड वर्ष बरं गेलं. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, आणि धाप लागली तर लगेच घ्यायचा निळा पंप वेगळा. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरून यायचे, सोमवारी काळेश्वराला जायचे. २०२३ च्या उन्हाळ्यात एकेक गोष्ट बिघडू लागली. घरातून फाटकापर्यंत गेलं तरी धाप. छातीत धडधड. हात असा थरथरायचा की दुधाच्या हिशेबाच्या वहीत आकडा नीट उमटेना. जीभ पांढरी, तिखट लागलं की आग, आवाज बसलेला. रात्री पाय जागेवर ठरायचे नाहीत, सारखे हलवावेसे वाटायचे. आणि एक गंमत, जी मला तेव्हा गंमतच वाटली: तांदूळ निवडायला बसले की मूठभर कच्चा तांदूळ चावून संपायचा. सून म्हणायची, "आत्या, तुम्ही खड्यांपेक्षा तांदूळच जास्त निवडताय." आम्ही दोघी हसायचो.

मी दाखवत होते तिथं सगळ्यांवर उत्तर एकच मिळालं. दमा वाढलाय, वय झालंय. पंपाचा डोस वाढला. दोष एकट्या त्यांचा नाही. मलाही तेच उत्तर सोयीचं होतं. घरात धाप लागली की मी निळा पंप ओढायची, दिवसातून दहा-बारा वेळा. आणि शंका आलीच तर बोटाला लावायचं यंत्र होतं, कोरोनात घेतलेलं. ते दर वेळी ९६ दाखवायचं. मुलगा म्हणायचा, "आई, ऑक्सिजन चांगला आहे, उगीच घाबरतेस." विद्यापीठ, अभियांत्रिकीचं कॉलेज, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळं एवढ्याशा विष्णुपुरीत. दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना मी चार महिने त्या ९६ च्या भरवशावर बसले.

दिवाळीच्या आधी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. ज्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं त्यांनी छातीला नळी लावण्याआधी माझी खालची पापणी ओढून पाहिली. मग विचारलं, "मावशी, संडासला काळी होते का? डांबरासारखी?"

होत होती. दोन महिन्यांपासून. लाज म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर छातीच्या डॉक्टरला हे कशाला सांगायचं, असंच वाटायचं.

हिमोग्लोबिन निघालं ६.४. बाईमाणसाचं बारा तरी हवं. दुर्बीण घातली तर जठरात व्रण. गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मी वर्षभर, बऱ्याचदा चहावर, घेत होते. व्रणातून थेंब थेंब रक्त जात होतं. धापेचं कारण तिथं होतं, धडधडीचंही. रात्रीच्या पायांचं आणि कच्च्या तांदळाचंसुद्धा, कारण लोह कमी पडलं की माणसाला माती, खडू, बर्फ, तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं. हाताची थरथर निळ्या पंपाच्या अतिरेकाची होती, धडधडीतही त्याची भर होतीच. जिभेचा पांढरेपणा बुरशीचा. रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, तो घेतल्यावर खळखळून चूळ भरायची असते. पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी आठवडाभर पाळलं होतं. फुफ्फुस बिचारं जिथल्या तिथं होतं. नळीत पुन्हा फुंकून पाहिलं, आकडा जवळपास जुनाच.

मग ते ९६? हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण समजलं माझ्या पद्धतीनं. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे वाघिणी. बोटावरचं यंत्र फक्त एवढंच सांगतं की आलेल्या वाघिणी भरलेल्या आहेत. गाडी पन्नास वाघिणींची की दहाची, ते त्याला दिसत नाही. माझ्या दहाच्या दहा भरलेल्या होत्या आणि गाव तहानलेलं होतं.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना माझं पहिलं सांगणं: आपल्या धापेची ओळख करून घ्या. माझी जुनी धाप खोकल्यासोबत यायची, छातीत शिट्टी वाजायची, थंडीत नाहीतर फोडणीच्या धुरानं वाढायची आणि निळ्या पंपानं दहा-पंधरा मिनिटांत उतरायची. ही नवी कोरडी होती. शिट्टी नाही, कफ नाही, पंपाला दाद नाही. हा फरक मला कळत होता, पण मी तो शब्दांत मांडला नाही. पंपानं उतार पडत नसेल तर आणखी पंप ओढत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तो झटका मोठा असेल किंवा कारणच दुसरं असेल, दोन्हीकडं उशीर महागात पडतो.

डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी न्या. सगळ्या म्हणजे गुडघ्याच्या, झोपेच्या, शेजारणीनं दिलेल्या, वैद्याच्या पुड्यासुद्धा. मी फक्त छातीच्या औषधांची पिशवी नेत होते. आणि अदबीनं एक प्रश्न विचारा: "हे फुफ्फुसाचंच आहे, हे कशावरून?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. माझ्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, जुन्या सीओपीडीत ऑक्सिजन कमी पडत असला तर रक्त उलट घट्ट होतं. म्हणून तुमच्यासारखीचं हिमोग्लोबिन कमी दिसलं की मी जास्तच दचकते.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायलाही वेळ नाही. थुंकीत रक्त, एकच पाय सुजणं, छातीत दुखणं, सकाळी डोकं जड आणि दिवसभर गुंगी. ही शेवटची खूण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असू शकते. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर आपल्या मनानं तो वाढवू नका. आमच्यासारख्यांना बोटावरच्या यंत्राचा आकडा बहुधा ८८ ते ९२ एवढाच ठेवायला सांगितलेला असतो. जास्त दिला म्हणजे जास्त बरं, हा हिशेब इथं चालत नाही. विनाकारण वजन उतरत असेल, बोटांची टोकं फुगून नखं गोल होऊ लागली असतील, तर तेही दम्याच्या नावावर टाकू नका. दाखवा.

मला दोन बाटल्या रक्त चढलं. वेदनाशामक बंद, व्रणाची औषधं आणि लोहाच्या गोळ्या सुरू. लोहानंही संडासला काळी होते, हे आधी सांगितलं नसतं तर मी पुन्हा घाबरले असते. गोळी आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवते. हे सगळ्यात अवघड पथ्य. गुडघा दुखतो तो दुखतोच, शेकते.

जानेवारीत थंडी पडली, शेजारी कोणीतरी पाचोळा पेटवला आणि रात्री छातीत ओळखीची शिट्टी वाजली. खोकला आला, कफ आला. उठून बसले, निळा पंप घेतला, पंधरा मिनिटांत उतरलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला जरा बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.४ आलं. परवा तांदूळ निवडायला बसले. तोंडात दाणा टाकावासाही वाटला नाही. सून मात्र समोर मेथी निवडत बसली होती आणि तिची नजर माझ्या ताटावरून हलत नव्हती.