देहच मिळाला नाही, तर दिवस कसे घालायचे?

प्रश्न : दरडीत किंवा पुरात गेलेल्या माणसाचा देहच सापडला नाही, तर त्याचे क्रियाकर्म कसे करतात? आणि एवढ्याने घरच्यांचे मन मानते का?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : आपल्या भागात हा प्रश्न पोथीतला राहिलेला नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्यांतले काही जण मिळालेच नाहीत. २२ जुलै २०२१ ला तळीये गावाच्या कोंडाळकरवाडीवर दरड आली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ३१ जण मातीखालीच होते. त्यांना मृत घोषित करावे लागले.

अशा वेळी शास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. पळसाची ३६० पाने किंवा देठ घेऊन माणसाचा आकार मांडतात, कारण जुन्या ग्रंथांनी शरीरात तितकीच हाडे मानली. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, दर्भाने बांधतात आणि त्या आकृतीला अग्नी देतात. पुढे दहावा, बारावा रीतीप्रमाणे. ज्याला खांदा देता आला नाही, त्याच्यासाठी हातांना काहीतरी करायला मिळते. मला या विधीचे मोल इथेच वाटते.

मन मात्र इतक्या लवकर ऐकत नाही. पिंडाला कावळा शिवला तरी दाराची कडी वाजली की आईची मान वळतेच. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांत पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंना हेच दिसले. माणूस गेला की आहे हेच नक्की नसते, तेव्हा शोक मध्येच अडकतो, असे त्यांनी मांडले. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, असेही त्या सांगतात.

कायदाही एरवी बेपत्ता माणसासाठी सात वर्षे थांबतो. आपत्तीत शासन चौकशी करून लवकर मृत्यूची नोंद करू शकते; ती झाली नाही तर वारसनोंद, विमा सगळे खोळंबते. म्हणून दाखल्याच्या कामी अशा घराबरोबर तहसील कचेरीत जरूर जा. पण कपाटातले त्याचे कपडे कधी काढायचे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.