अनेक कॅमेऱ्यांचा एकच काळ

बराकपूर हे शहर कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेले आहे. समोरच्या तीरावर श्रीरामपूर आहे. बराकपूर येथील गांधीघाटाचे उद्घाटन 1949 साली झाले. या स्मारकाची रचना वास्तुशिल्पी हबीब रहमान यांनी केली. तेथे भरलेल्या एखाद्या प्रार्थनासभेचे चित्रण तीन कॅमेऱ्यांनी केले आहे, अशी कल्पना करू. पहिला कॅमेरा गायकांसमोर, दुसरा नदीतील नावेवर व तिसरा पैलतीरी आहे. प्रसंग एक, परंतु नोंदी तीन. या तिन्ही नोंदींतील एकच क्षण कसा ओळखावा, हा संकलकापुढील पहिला प्रश्न होय.

कॅमेऱ्यांतील घड्याळांवर विसंबणे धोक्याचे असते. ती बहुधा हातानेच लावलेली असल्याने त्यांत काही सेकंदांचा, कधी मिनिटांचाही फरक पडतो. म्हणून सर्वांना समान अशी एखादी खूण लागते. बोलपटांच्या काळात चित्र व ध्वनी निरनिराळ्या यंत्रांवर मुद्रित होऊ लागले, तेव्हा दृश्याच्या आरंभी क्लॅप देण्याची रीत रूढ झाली. पाटीच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटतात, ती फ्रेम चित्रात दिसते आणि तोच आघात ध्वनीत ऐकू येतो. हे दोन्ही जुळविले की पुढील सर्व आपोआप जुळते. आजचे संगणकही निरनिराळ्या कॅमेऱ्यांतील ध्वनींची तुलना करून हेच कार्य करतात.

येथे मात्र एक शंका उपस्थित होते. ध्वनी सर्व कॅमेऱ्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचतो काय? जानेवारीतील दुपारच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. सेकंदाला 25 फ्रेम घेतल्या, तर एका फ्रेमच्या अवधीत तो सुमारे 14 मीटरच जाईल. पैलतीरीचा कॅमेरा 500 मीटर दूर असेल, तर त्याला तोच आघात सुमारे 36 फ्रेम उशिरा ऐकू येईल. केवळ ध्वनीवरून जुळणी केल्यास त्या कॅमेऱ्याचे चित्र जवळजवळ दीड सेकंद पुढे सरकेल, आणि पुष्पांजली वाहणारा हात पहिल्या चित्रात वर असतानाच तिसऱ्या चित्रात खाली आलेला दिसेल. ही चूक टाळण्याचे दोन मार्ग आहेत. अंतर मोजून ते चित्र तितक्याच फ्रेम मागे न्यावे, किंवा दिव्याच्या क्षणिक लखलखाटाची खूण करावी. प्रकाश हे अंतर सेकंदाच्या 5 लाखाव्या भागाहूनही कमी वेळात तोडतो.

आरंभी जुळलेली चित्रे अखेरपर्यंत जुळलेली राहतातच असे नाही. एखाद्या कॅमेऱ्याचे घड्याळ लाखात एक भाग चुकत असेल, तर तासाभरात 0.036 सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ एका फ्रेमचा फरक पडतो. यासाठी दीर्घ चित्रणाच्या शेवटीही एकदा खूण करावी. सर्व कॅमेऱ्यांवर दर सेकंदास घ्यावयाच्या फ्रेमची संख्या आरंभापासूनच समान ठेवावी.

आता व्यवस्थेचा विचार करू. कॅमेरे आपल्या फाइलींना स्वतःच क्रमांक देतात. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींचे नाव एकच असू शकते. त्या एकाच ठिकाणी ठेवल्यास एक फाइल दुसरीला पुसून टाकण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक कार्डासाठी वेगळा कप्पा करून त्यावर तारीख, स्थळ, कॅमेऱ्याचे अक्षर व कार्डाचा क्रमांक लिहावा. दोन वेगळ्या साधनांवर प्रती काढाव्यात आणि त्या उघडून पाहिल्याखेरीज मूळ कार्ड पुसू नये.

प्रार्थनासभा पुन्हा भरेल, परंतु त्या दिवसाचे ते गायन पुन्हा होणार नाही. अशा प्रसंगाची नोंद विश्वसनीय राहावयाची, तर तीन नेत्रांनी पाहिलेला काळ प्रथम एक झाला पाहिजे.