पाहणारा आणि साक्षी

साक्षी कोणास म्हणावें, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. ज्यानें पाहिलें तो साक्षी, असें उत्तर तुम्ही तत्काळ द्याल. परंतु न्यायमंदिरांत नुसतें पाहणें पुरत नाहीं. जें स्वतः पाहिलें तेवढेंच सांगावें, ऐकीव सांगूं नये, आणि आपल्या शब्दाची जबाबदारी शिरावर घ्यावी, अशी तेथें अपेक्षा असते. मोशेस मिळालेल्या दहा आज्ञांपैकीं एक साक्षीविषयींच आहे, व ती खून आणि चोरी यांच्या निषेधाच्या पंक्तीस बसविली आहे. सांप्रत घरांत बसल्या बसल्या सारें राष्ट्र एखाद्या दुर्घटनेचें साक्षी होऊं शकतें. अशा साक्षीचें स्वरूप काय, हें मुंबईच्या एका उदाहरणावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम साधनाचा विचार करूं. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. घटना घडत असतांनाच ती दाखविणें यास थेट प्रक्षेपण म्हणतात. घटनास्थळीं तबकडीची ॲन्टेना बसविलेली गाडी उभी असते. ती चित्र व ध्वनि यांच्या लहरी विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडे पाठविते. हा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेंच फिरत असल्यामुळें आकाशांत स्थिर भासतो. तेथून लहरी वाहिनीच्या केंद्रांत उतरतात, पुन्हां वर चढतात आणि घरोघरीं पोंचतात. एका चढउतारास सुमारें पाव सेकंद पुरतो. वृत्तपत्राच्या काळीं घटना व वाचक यांच्यामध्यें एका रात्रीचा अवकाश असे, आणि त्या अवकाशांत संपादकास विचार करतां येई. तो अवकाश आतां कांहीं सेकंदांवर आला आहे.

आतां घटनेकडे वळूं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं रात्रीं दहा दहशतवादी कराचीहून समुद्रमार्गें येऊन कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीजवळ उतरले. छत्रपति शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ताजमहाल व ओबेरॉय-ट्रायडेंट हीं हॉटेलें आणि नरिमन हाउस येथें त्यांनीं हल्ले केले. हा संहार २९ तारखेच्या सकाळपर्यंत, सुमारें ६० तास चालला, व त्यांत १६६ जणांचा बळी गेला. हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे पोलीस अधिकारी कामीं आले. गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनीं अजमल कसाब याची बंदूक आपल्या हातांनीं धरून ठेविली व प्राण दिले. म्हणूनच एक हल्लेखोर जिवंत हातीं लागला.

ते दिवस आम्हीही पडद्यासमोरून हललों नाहीं. ताजच्या घुमटाजवळून निघणारा धूर पाहतांना डोळ्यांत पाणी येत होतें, हें खरें. पण पडदा कांहीं वेळ शांत राहिला म्हणजे मन अस्वस्थ होई आणि पुढें काय घडतें याची वाट पाहूं लागे, हेंही तितकेंच खरें. ती आतुरता दुःखाची नव्हती, हें आज कबूल करणें प्राप्त आहे.

२८ तारखेस सकाळीं नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरांतून दोरानें कमांडो उतरले. तें दृश्य साऱ्या देशानें पाहिलें, आणि शत्रूनेंही पाहिलें. हल्लेखोरांस दूरध्वनीवरून आज्ञा देणारे सूत्रधार पाकिस्तानांत बसून हींच प्रक्षेपणें पाहत होते व बाहेर काय चाललें आहे तें आंतल्यांस कळवीत होते. हीं संभाषणें आपल्या यंत्रणांनीं टिपून ठेविलीं होतीं, व तीं पुढें न्यायालयांत पुरावा म्हणून आलीं. २९ ऑगस्ट २०१२ रोजीं कसाबच्या अपिलाचा निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें वाहिन्यांच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढिले. प्रक्षेपणामुळें अमुक जवान पडला असें सिद्ध करतां येणार नाहीं. तथापि जवानांचें काम त्यामुळें अधिक कठीण व धोक्याचें झालें, असा त्याचा आशय होता. त्या कारवाईंत ताजमध्यें मेजर संदीप उन्नीकृष्णन व नरिमन हाउसमध्यें हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांनीं देह ठेविला. २०१५ मध्यें केंद्र सरकारनें केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती करून अशा कारवाईचें थेट प्रक्षेपण मना केलें. कारवाई संपेपर्यंत, नेमलेल्या अधिकाऱ्यानें वेळोवेळीं दिलेली माहिती तेवढी सांगावी, असें आतां बंधन आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, पडदा सर्व कांहीं दाखवितो असा आपला समज असतो. वस्तुतः जेथें कॅमेरा उभा असेल तेवढेंच तो दाखवितो. मृतांची संख्या सर्वांत अधिक होती ती रेल्वे स्थानकावर. लांबच्या गाड्यांची वाट पाहत, सामानाशेजारीं बसलेलीं सामान्य माणसें तेथें मारलीं गेलीं. परंतु तेथील गोळीबार लवकर संपला व कॅमेरे हॉटेलांसमोर तिष्ठत राहिले. देशाच्या आठवणींत ताजचा धूर राहिला. त्या प्रवाशांची आठवण त्या मानानें किती जणांस आहे? पुढें २८ तारखेस स्थानकावर पुन्हां गोळीबार झाल्याची वार्ता पसरली, ती खोटी ठरली. जें कोणीं पाहिलेंच नव्हतें, त्याचीही साक्ष दिली गेली!

याच स्थानकावर त्या रात्रीं आणखी एक थेट प्रक्षेपण झालें होतें, त्याचें स्मरण तुम्हीं अवश्य ठेवावें. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षांतून खालचा प्रकार पाहत होते. संकट ध्यानांत येतांच, स्थानकाच्या मागील बाजूनें बाहेर पडा, अशी सूचना ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांस वारंवार देत राहिले. त्यांच्या कक्षाच्या दिशेनेंही गोळ्या आल्या. त्यांच्या आवाजामुळें कित्येकांचे प्राण वांचले. आतां काय दिसत आहे, एवढाच प्रश्न वाहिन्यांपुढें होता. ऐकणाऱ्यास आतां काय कळलें पाहिजे, हा प्रश्न झेंडे यांच्यापुढें होता. आमच्या मतें पाहणारा व साक्षी यांतील भेद हाच होय.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत प्रभु येशूनें सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला तुम्हांस परिचित आहे. वाटेवर पडलेल्या घायाळ मनुष्यास तिघांनीं पाहिलें. पहिल्या दोघांची दृष्टि अधू नव्हती. त्यांनीं पाहिलें आणि ते पलीकडून निघून गेले. तिसऱ्यानें पाहिलें तेव्हां त्यास कळवळा आला, व त्याच्या हातांस काम लागलें.

आज हा प्रश्न केवळ वाहिन्यांचा उरलेला नाहीं. खिशांतल्या मोबाईलनें तुम्हांपैकीं कोणीही क्षणार्धांत जगास थेट प्रक्षेपण करूं शकतो. त्यास ना गाडी लागते, ना संपादक. उद्यां रस्त्यावर अपघात झालेला दिसला, तर मोबाईल वर उचलण्यापूर्वीं एक क्षण थांबा. हें चित्र कोण पाहील, जखमी मनुष्याच्या आईस तें प्रथम असेंच कळावें काय, आणि माझ्या हाताचा येथें अधिक चांगला उपयोग नाहीं काय, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा. मोबाईल वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यावरून १०८ हा क्रमांक फिरविला, तर रुग्णवाहिका येते.