जाळीं धुण्याचा धडा

(वाचनाचे उतारे : लूक ५:१-११, मार्क १:१६-२०, योहान २१:१-११)

मासे धरावयास जाणें म्हणजे नाव पाण्यांत लोटणें, इतकेंच घाटावरील आपल्या पुष्कळ बंधुभगिनींस वाटतें. परंतु जे समुद्रकांठीं राहतात त्यांस ठाऊक आहे कीं, या धंद्याचें अर्धें काम किनाऱ्यावरच होतें. आजच्या पाठांत आपण गालीलांतील कोळ्यांची ही तयारी पाहूं.

१. नाव. — गालील समुद्र हें वस्तुतः गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर व रुंदी सुमारें १३ किलोमीटर असून, तें समुद्रसपाटीच्या सुमारें २१० मीटर खालीं आहे. भोंवतालच्या डोंगरांवरून वारा एकाएकीं उतरतो आणि लाटा उसळतात. म्हणून नाव कांठावरच तपासावी लागे. सन १९८६ मध्यें अवर्षणानें पाणी ओसरलें, तेव्हां वायव्येकडील कांठच्या चिखलांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची एक नाव सांपडली. ती सुमारें २७ फूट लांब आहे. तिच्यांत अनेक जातींचीं लांकडें असून, कांहीं फळ्या जुन्या नावांतून काढून बसविलेल्या आहेत. ही शिष्यांचीच नाव होती असें म्हणावयास आधार नाहीं. तथापि गरीब कोळी आपली नाव ठिगळें लावून किती काळजीनें टिकवीत, हें तिच्यावरून दिसतें.

२. जाळें. — त्या काळीं जाळीं तागासारख्या जवसाच्या धाग्याचीं असत. तीं ओलीं व घाणेरडीं राहिलीं तर कुजत. म्हणून प्रत्येक फेरीनंतर धुऊन वाळवावीं लागत. फाटलेलीं घरें पुन्हां विणावीं लागत. याकोब व योहान यांस बोलावणें आलें तेव्हां ते नावेंत बसून हेंच काम करीत होते.

३. रिकाम्या रात्रीनंतर. — लूकाच्या उताऱ्यांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. शिमोन व त्याचे सोबती रात्रभर श्रमले होते आणि एकही मासा मिळाला नव्हता. तरी सकाळीं ते जाळीं धूत होते. रिकामें जाळेंही मळतेंच! रागानें तें तसेंच फेंकून ते घरीं गेले असते, तर खोल पाण्यांत जाण्याची आज्ञा झाली तेव्हां हातीं काय राहिलें असतें? मासे देणें हें प्रभूचें काम होतें. जाळें तयार ठेवणें हें त्यांचें होतें.

४. आपला किनारा. — कोंकणांतही हेंच दिसतें. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मिळकत थांबते, पण काम थांबत नाहीं : नौकेची डागडुजी होते, यंत्र तपासलें जातें, जाळीं विणलीं जातात. आतां धागा नायलॉनचा असल्यामुळें तो कुजत नाहीं, परंतु फाटतो खराच. निघतांना बर्फ, पिण्याचें पाणी व जीवरक्षक जाकिटें घ्यावीं लागतात. हवामानाचा इशाराही ऐकावा लागतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं फयान वादळ या किनाऱ्यावर आलें, तेव्हां समुद्रांत असलेले कित्येक मच्छीमार परत आले नाहींत. तयारींत हयगय झाली तर घरचीं माणसें किनाऱ्यावर वाटच पाहत राहतात.

५. आपणांस बोध. — कित्येक उपदेशक बंधु वर्षानुवर्षें एकाच गांवीं जातात, आणि ऐकणारा कोणी मिळत नाहीं. अशा वेळीं पाठ न वाचतां सभेस जाण्याचा, आजाऱ्याची भेट टाळण्याचा मोह होतो. आम्ही त्यांस इतकेंच सुचवितों कीं, रिकाम्या दिवसाच्या संध्याकाळींही जाळें धुवावें : पुढचा उतारा वाचावा, कोणाशीं तंटा झाला असल्यास तो मिटवावा, आणि मग निजावें. उद्यांची हांक केव्हां येईल हें कोणासही ठाऊक नसतें.

प्रश्न. — (१) मासा मिळाला नसतांही जाळीं कां धुवावीं लागत? (२) लूक ५:६ व योहान २१:११ यांत जाळ्याविषयीं कोणता फरक आढळतो? (३) तुमच्या मंडळींत कोणतें जाळें फाटलेलें आहे, आणि तें कोण विणील?