कच्चे मडके

गोरेगावच्या सप्त्यात आम्ही गोरोबाकाकांच्या परीक्षेचे आख्यान लावले होते. चाळीस वर्षे झाली, ते त्याच हातवाऱ्यांनी सांगतो आणि श्रोतेही त्याच जागी हसतात. काकांचे थापटणे नामदेवरायांच्या डोक्यावर पडते, नामदेवराय रागावतात, आणि काका निकाल देतात, हे मडके कच्चे! कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारे टाळकरी पाया पडता पडता म्हणाले, "गोड झालं महाराज. मागल्या साली बी हेच ऐकलं, त्याच्या मागल्या साली बी."

ते थापटणे आम्हांस लागले. आणि खोटे कशाला सांगावे, रागही आला.

रात्री झोप येईना. नामदेवराय कच्चे म्हणजे काय? भक्ती उणी होती? मुळीच नाही. प्रत्यक्ष देव त्यांच्याशी बोलत होता. उणे एवढेच, की आता शिकण्याजोगे काही उरले नाही असे त्यांस वाटे. वाळलेले मडके आणि भाजलेले मडके शेजारी ठेवा, आकार एकच. वाजवले की नाद वेगळा, आणि पाणी भरले की निवाडा. वाळलेल्याला आवा नकोसा वाटतो, कारण त्याच्या मते ते मडके झालेलेच असते.

आपल्या संप्रदायात निष्ठेला मान आहे, आणि तो असावाच. पण प्रत्येक 'न सोडणे' म्हणजे निष्ठा नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीचेही तीन भेद केले आहेत. झोप, भय, शोक, विषाद आणि मद ज्याला सोडवत नाहीत त्याचीही धृतीच, पण ती तामसी. वारी चुकवू नये, एकादशी मोडू नये, ही गोष्ट निराळी. 'आमच्यात असं नसतं' असे म्हणून दार लावून घ्यावे, त्यात भयच अधिक असते. भयाला परंपरेचे उपरणे पांघरले की ते ओळखू येत नाही इतकेच.

पुढे देवाने नामदेवरायांना औंढ्या नागनाथी विसोबा खेचरांकडे धाडले. (औंढा आपल्याच हिंगोली जिल्ह्यातले, आणि नर्सीही. जन्मस्थानाचा वाद पंडितांनी घालावा.) विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले, पाय जिकडे हलवावे तिकडे पिंडी, हे सर्वांस ठाऊक आहे. पण हे विसोबा आधी कोण होते ते सांगायचे आम्ही घाईत राहूनच जातो. आळंदीच्या भावंडांना छळणारा हाच गृहस्थ! मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून यानेच कुंभारांना बजावले, अशी कथा आहे. ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजलेले पाहिले आणि तो पालटला. 'खेचर' म्हणजे खेचर जनावर, ही झिडकारल्याची खूण. तीच त्याने नाव म्हणून जन्मभर मिरवली. स्वतः पालटलेल्या माणसापाशीच देवाने नामदेवांना पाठवले. आम्हांला यात फार मोठा अर्थ दिसतो.

आणि फळ पाहा. ज्ञानोबांनी तीर्थयात्रेला चला म्हटले तेव्हा पंढरी सोडताना ज्यांचा जीव कासावीस झाला, तेच नामदेवराय पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले. परक्या मुलखात त्यांनी तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत पदे केली. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात ती आली. आज गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत.

हीच पदे आम्ही आजवर कीर्तनात घेतली नाहीत. 'हिंदी पद आपल्या फडात शोभत नाही' असे आम्हीच एका तरुण बुवाला भर मंडपात ऐकवले होते. तो बिचारा खाली मान घालून बसला.

सप्ता उठल्यावर आम्ही नांदेडला गेलो. गुरुद्वारात ती पदे ऐकली, मग त्या तरुण बुवालाच घरी बोलावून लिहून घेतली. आता रोज काकड्यानंतर एक पद घोकतो. उच्चार चुकतात, चाल ठेक्यावर बसत नाही, नातवंडे दाराआडून हसतात. यंदाच्या सप्त्यात गोरेगावकरांनी पुन्हा बोलावले आहे. त्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना पुढेच बसवा, असे आम्ही कळवले आहे.